मुरमांचे डाग वेगळे आणि खड्डे वेगळे, आधी ते ओळखा मग क्रीम घ्या

आधी एक काम करा. रात्री खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि तो समोरून न धरता कानाच्या बाजूने गालावर तिरका धरा, मग आरशात बघा. जिथे बारीक सावली पडलेली दिसते तिथे खड्डा आहे. जिथे नुसता रंग वेगळा दिसतो, सावली नाही, तिथे डाग आहे. मग डोळे मिटून त्याच जागेवरून हलकेच बोट फिरवा, खड्डा बोटाला कळतो, डाग कळत नाही.

एवढंच आधी करायचं, बाकी सगळं नंतर. कारण आपण मराठीत दोन्हीला सर्रास डागच म्हणतो, फारतर वण म्हणतो, आणि दुकानात जाऊन "डाग जायला काहीतरी द्या" असं सांगतो. माझ्या भाचीने दिवाळीत मला तिच्या सगळ्या बाटल्या काढून दाखवल्या, सात होत्या, सिरम, जेल, कोरफडीचं काहीतरी, रात्रीचं वेगळं, दिवसाचं वेगळं, आणि सगळ्यांवर डाग घालवायचं लिहिलेलं, पण मी तिचा गाल खिडकीपाशी नेऊन बघितला तर तिथे डाग जवळजवळ नव्हतेच, होते ते खड्डे. दोन वर्षं ती रंग काढायचं औषध खड्ड्यांना लावत होती. तिची काही चूक नाही, तिला कुणी हा फरकच सांगितला नव्हता, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

मुरूम गेल्यावर मागे नक्की काय राहतं

त्वचेवरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची एक छोटी ग्रंथी असते. वयात येताना ती जास्त तेल सोडायला लागते, वरचं छिद्र मेलेल्या पेशींनी बुजतं, आत तेल साचतं आणि तिथे क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू, जे एरवीही आपल्या त्वचेवर असतातच, ते वाढतात. मग शरीर त्यांच्याशी भांडायला पेशी पाठवतं, जागा लाल होते, सुजते, दुखते. इथपर्यंत ठीक आहे, इथेच थांबलं तर मागे काही राहत नाही. पण कधीकधी ती तेलाने भरलेली पिशवी आतल्या आत फुटते आणि सगळा पू, तेल, जंतू आजूबाजूच्या खोल थरात पसरतात, आणि मग तिथे जी लढाई होते तिच्यात आपल्याच त्वचेचं कोलॅजन कापलं जातं. कोलॅजन म्हणजे त्वचेला आतून ताणून धरणारं जाळं समजा, खाटेच्या नवारीसारखं. नवार तुटली की खाट तिथे खचते, तसंच.

शरीर दुरुस्ती करतं पण ती प्रत्येकाची सारखी नसते. भरताना माल कमी पडला तर खड्डा राहतो, जास्त झाला तर उंचवटा येतो, आणि आतलं काही तुटलंच नाही, नुसती सूज आली आणि गेली, तर फक्त रंग मागे राहतो.

रंगाचं असं आहे की त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशी असतात आणि त्या सूज आली की घाबरून जास्त रंग बनवतात. गोऱ्या कातडीच्या लोकांत हे कमी होतं, आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगाच्या त्वचेत फार होतं. १९७५ मध्ये थॉमस फिट्झपॅट्रिक नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी उन्हात त्वचा कशी वागते यावरून वर्गवारी मांडली, आज तिच्यात सहा प्रकार आहेत आणि आपल्यातले बरेच लोक चौथ्या आणि पाचव्या प्रकारात येतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढे लेझर आणि पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलणं, यांच्या वेळी तोच कामाचा आहे. परदेशातले व्हिडिओ बघून केलेले उपाय आपल्या चेहऱ्यावर उलटतात त्याचं मोठं कारण हेच आहे.

डागातही दोन प्रकार. तपकिरी, काळपट डाग रंगाचे असतात. गुलाबी, लालसर किंवा जांभळट डाग असतात ते रंगाचे नसून तिथल्या बारीक रक्तवाहिन्या अजून फुगलेल्या असतात म्हणून दिसतात. ओळखायचं कसं, तर घरातला पारदर्शक काचेचा ग्लास त्या जागेवर हलका दाबायचा. लाली दाबाखाली नाहीशी होते, तपकिरी तशीच राहते. लाल डाग बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप फिके होत जातात, त्यांच्यावर रंग घालवायच्या क्रीमा थापून काही मिळत नाही.

तपकिरी डागही वरच्या थरात असेल तर साधारण सहा महिने ते वर्षभरात उतरतो. पण कधीकधी रंग खालच्या थरात गळतो, तो डाग राखाडी निळसर दिसतो, आणि त्याला वर्षं लागतात. म्हणून दोन मैत्रिणींनी एकच क्रीम लावली आणि एकीचा डाग गेला, दुसरीचा नाही, असं होतं. क्रीम तीच असते, डाग किती खोल आहे ते वेगळं असतं.

नवीन मुरूम येत असतील तर आधी ते थांबवा

हे कुणालाच ऐकायचं नसतं. सगळ्यांना जुने डाग आधी घालवायचे असतात. पण रोज दोन नवे फोड येतायत आणि तुम्ही मागचे डाग पुसताय, तर ते चालू नळाखालची फरशी पुसण्यासारखं आहे. खड्डा पडणार की नाही हे मुरूम किती मोठा होता यावर जेवढं ठरतं तेवढंच तो किती दिवस सुजलेला राहिला यावर ठरतं. म्हणून "वय झालं की जातील आपोआप" हे वाक्य, जे प्रत्येक घरात एक तरी मोठं माणूस म्हणतं, ते मुरमांबद्दल कदाचित खरं असेलही पण खड्ड्यांबद्दल अजिबात खरं नाही. मुरूम वयाने जातात, खड्डे राहतात.

यावर एक चांगला अभ्यास आहे, २०१८ मध्ये आलेला. मुरूम असलेल्या लोकांच्या अर्ध्या चेहऱ्यावर अ‍ॅडापलीन आणि बेन्झॉईल पेरॉक्साईड या मुरमांवरच्या दोन औषधांचं जेल लावलं आणि उरलेल्या अर्ध्यावर औषध नसलेलं साधं जेल. २४ आठवड्यांनी औषधाच्या बाजूचे खड्डे साधारण १५ टक्क्यांनी कमी झाले होते आणि साध्या जेलच्या बाजूचे साधारण १४ टक्क्यांनी वाढले होते. चेहरा एकच, माणूस तेच, जेवण तेच, झोप तीच. म्हणजे नुसतं थांबून राहणं हेही खड्डे वाढवणंच आहे.

अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड गटातलं, म्हणजे व्हिटॅमिन एच्या कुळातलं औषध आहे, बंद छिद्रं मोकळी करतं आणि कोलॅजनलाही थोडी चालना देतं. रात्री, धुऊन कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, आधी एक दिवसाआड. फोडावर ठिपका ठिपका लावायचं नसतं, सगळीकडे पातळ लावायचं असतं. पहिले काही आठवडे सालं निघतात, थोडं चुरचुरतं, कधीकधी मुरूम वाढल्यासारखे वाटतात आणि तिथेच बहुतेक लोक सोडून देतात. खरा फरक दोन तीन महिन्यांनी कळतो. फार आग झाली तर मात्र कमी करा, कारण आपल्या त्वचेत आग झाली की त्याचाच पुन्हा काळा डाग पडतो. गरोदर असाल किंवा राहायचा विचार असेल तर हे वापरायचं नाही, डॉक्टरांना सांगून दुसरं घ्यायचं.

खोल, गाठीसारखे, दुखणारे मुरूम असतील, किंवा घरात आईला बाबांना खड्डे आहेत, तर क्रीमवर वर्ष घालवू नका. अशांना डॉक्टर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्या फार प्रभावी आहेत पण ओठ खूप फुटतात, रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात, आणि गरोदरपणात त्या चुकूनही चालत नाहीत, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर अजून महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर त्या आणून खाऊ नका. हे मी हात जोडून सांगतेय.

आणि फोडायचं नाही. मला माहितीय ते किती अवघड आहे, आरशासमोर उभं राहिलं की हात आपोआप जातो. पण नखाने दाबल्यावर जेवढं बाहेर येतं तेवढंच आतही ढकललं जातं, आणि पिशवी आतून फुटली की काय होतं ते वर सांगितलंच.

रंगासाठी काय खरंच उपयोगी आहे

सनस्क्रीन. हे ऐकून लोक निराश होतात, त्यांना काहीतरी जादूचं नाव हवं असतं. पण ऊन लागलं की रंग बनवणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागतात, तुम्ही रात्री जे पुसलं ते दुपारी परत. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि पाकिटावर ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं. पहिल्या दोन बोटांवर लांब दोन रेघा काढायच्या, चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं, बहुतेक लोक याच्या अर्ध्याहून कमी लावतात आणि म्हणतात उपयोग नाही. बाहेर असाल तर दोन तीन तासांनी परत. घामात, मुंबईच्या लोकलमध्ये किंवा शेतावर हे किती जमतं मला कल्पना आहे, तेव्हा टोपी, ओढणी, छत्री हेही तेवढंच खरं संरक्षण आहे, आपल्याकडच्या बायका स्कूटीवर स्कार्फ गुंडाळतात ते अगदी बरोबर आहे. आपल्या त्वचेला डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळपट करतो आणि साधं सनस्क्रीन त्याला फारसं अडवत नाही, म्हणून डाग फार असतील तर रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साईडवालं सनस्क्रीन घ्या.

त्यासोबत एक औषध. एकच, सात नाही. अ‍ॅझेलिक अ‍ॅसिड मला सगळ्यात जास्त आवडतं कारण ते मुरमांवरही चालतं आणि डागांवरही, १० ते २० टक्क्यांत मिळतं, आणि गरोदर बायकांनाही डॉक्टर बहुतेक वेळा तेच देतात. सुरुवातीला खाजतं, मुंग्या चावल्यासारखं होतं, पण ते हळूहळू कमी होतं. नायसिनामाइड चार पाच टक्क्यांचं सौम्य असतं, तयार झालेला रंग वरच्या पेशींत पोचायचा वेग ते कमी करतं. व्हिटॅमिन सी चांगलं आहे पण लवकर खराब होतं, बाटलीतलं पाणी चहासारखं तपकिरी झालं की टाकून द्या.

हायड्रोक्विनोन हे जास्त ताकदीचं औषध, ते डॉक्टरांनी दिलं तरच, आणि ठरलेले काही महिनेच. वर्षानुवर्षं लावलं तर काही जणांची त्वचा उलट निळसर काळी पडते आणि ती मग कशानेच जात नाही.

घरच्या उपायांबद्दल थोडं बोलते. बेसन, हळद, दूध, मसूरडाळ याने कुणाचं फार नुकसान होत नाही, फक्त ते खसाखसा घासू नका, घासलं की सूज, सूज आली की डाग. पण लिंबू नको. लिंबू फार आंबट, त्वचेला जाळतं, आणि वर ऊन लागलं तर लिंबातल्या काही द्रव्यांमुळे भाजल्यासारखे फोड येऊन काळे पट्टे पडतात. टूथपेस्ट नको, खायचा सोडा नको. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावणारे खूप आहेत, तिने व्रण सुधारतात असं दिसलेलं नाही आणि काहींना तिचीच अ‍ॅलर्जी येते.

ती मेडिकलमधली ट्यूब

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे.

मी बावीस वर्षांची असताना एका दुकानात जाऊन डागांसाठी काहीतरी मागितलं आणि काऊंटरवरच्या माणसाने एक छोटी ट्यूब दिली, न विचारता, न बघता. आठ दिवसांत चेहरा आरशासारखा झाला. घरातले, शेजारचे, सगळे विचारायला लागले काय लावतेस. मी दोघी मैत्रिणींना पण आणून दिली, त्याचं मला आजही वाईट वाटतं. पाच सहा महिन्यांनी एक दिवस ट्यूब संपली म्हणून लावली नाही तर तिसऱ्या दिवशी चेहरा लाल, आग आग, बारीक पुरळ, आणि पुन्हा लावली की शांत. मग ती सोडताच येईना. गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, हनुवटीवर लव वाढली.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. मूळ कल्पना वाईट नाही, १९७५ मध्ये अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्याने हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिन्ही एकत्र करून रंग कमी करायचं मिश्रण मांडलं होतं, आणि आजही डॉक्टर वांगासारख्या त्रासासाठी असं मिश्रण थोडे आठवडे, नजर ठेवून देतात. घोळ होतो तो तेच मिश्रण गोरं व्हायची क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावण्यात. स्टेरॉइड सूज दाबतं म्हणून लगेच छान दिसतं, पण त्वचा पातळ करत जातं आणि स्वतःच नवे मुरूम आणतं. भारतात हे इतकं झालं की इथल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी अशा चेहऱ्याला स्वतंत्र नाव दिलं, टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस, म्हणजे स्टेरॉइड मलमाने बिघडलेला चेहरा. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा बऱ्याच मलमांना शेड्यूल एच खाली आणलं, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत.

तर ट्यूबच्या मागे बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल, तर मुरमाच्या डागांसाठी ती लावू नका. शेवटी "सोन", "सोल" किंवा "लोन" आलं की निदान विचारा तरी. आणि आधीच महिनोन्‌महिने लावत असाल तर एकदम बंद करून घरी सहन करत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांकडे ट्यूब घेऊन जा, ते हळूहळू सोडवतात. मला सुटायला जवळजवळ वर्ष लागलं.

आता खड्डे

खड्ड्याला क्रीमने भरता येत नाही. रेटिनॉइडने अगदी उथळ खड्डे थोडे सुधारतात, वरच्या अभ्यासात दिसलं तसं, पण खोल खड्ड्यासाठी सुई, आम्ल, उष्णता किंवा ब्लेड यातलंच काहीतरी लागतं. आणि कुठलं लागतं ते खड्ड्याच्या आकारावर ठरतं. तीन आकार आहेत.

पहिला आइसपिक, म्हणजे दाभणाने टोचल्यासारखा. तोंड लहान, दोन मिलिमीटरच्या आत, आणि खाली खोल निमुळता. गालावर मोठं छिद्र असल्यासारखा दिसतो. सगळ्यात जास्त हाच आढळतो आणि सगळ्यात चिवटही हाच.

दुसरा बॉक्सकार, डब्यासारखा. कडा सरळ उभ्या, तळ सपाट, कांजिण्यांच्या वणासारखा. आपल्या आजी आजोबांच्या पिढीत ज्यांना देवीचे वण म्हणायचे तेही असेच खोलगट असायचे, देवी हा रोग भारतातून १९७७ पर्यंत पूर्ण गेला म्हणून आता तो शब्दही कमी ऐकू येतो.

तिसरा रोलिंग, लाटांसारखा. चार पाच मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, कडा धड कळत नाहीत, पूर्ण गाल उंचसखल दिसतो, विशेषतः बाजूने उजेड आला की. याचं कारण वेगळं आहे, त्वचा आतून खालच्या थराला दोऱ्यांनी बांधल्यासारखी ओढली गेलेली असते. गोधडीला टाका घातला की तिथे कापड आत जातं ना, तसं.

घरी बघायचं असेल तर दोन बोटांनी गाल हलका ताणा. ताणल्यावर जो खड्डा सपाट होतो तो उथळ किंवा लाटेचा, त्याला सुधारायला वाव जास्त. ताणूनही तसाच राहतो तो खोल, त्याला एकट्या लेझरने फार फरक पडत नाही.

लाटेच्या खड्ड्यांसाठी सबसिजन करतात. भूल देऊन त्वचेखाली एक सुई किंवा कॅन्युला, म्हणजे बोथट टोकाची बारीक नळी, आडवी घालतात आणि पुढेमागे फिरवून त्या आतल्या दोऱ्या तोडतात. तोडताना कधीकधी तट्ट असा आवाज पेशंटला ऐकू येतो, आधी सांगून ठेवते म्हणजे घाबरायला होणार नाही. ओरेंट्राइख नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १९९५ मध्ये ही पद्धत मांडली. नंतर आठवडा दोन आठवडे गाल काळानिळा दिसतो, म्हणून लग्नाच्या किंवा मुलाखतीच्या तोंडावर करायची गोष्ट नाही. पण लाटेच्या खड्ड्यांना या दोऱ्या न तोडता नुसतं वरून कितीही लेझर मारलं तरी गोधडीचा टाका तसाच राहतो, आणि माझ्या मते लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

दाभणासारख्या खड्ड्यांसाठी टीसीए क्रॉस. टूथपिकसारख्या टोकाने प्रत्येक खड्ड्याच्या आत तेवढ्याच जागी जहाल ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टेकवतात, जागा पांढरी होते, खपली धरते, आठवड्याभरात पडते आणि आतून नवीन कोलॅजन बनत खड्डा वर येतो. २००२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी हे लिहिलं. काही आठवड्यांच्या अंतराने तीन चार वेळा लागतं. हे अ‍ॅसिड ऑनलाइन मिळतं आणि घरी करून बघणारे लोक आहेत, कृपा करून करू नका, थेंब बाजूला ओघळला तर तिथे आयुष्यभराचा नवीन व्रण.

डब्यासारखे खोल खड्डे असतील तर पंच, म्हणजे बारीक गोल ब्लेडने तो खड्डा कापून टाके घालतात किंवा तळ उचलून वर बसवतात. ऐकायला भीतीदायक वाटतं पण मोजके खोल खड्डे असतील तर दहा लेझर सेशनपेक्षा हे सरळ पडतं.

मायक्रोनीडलिंग म्हणजे बारीक सुयांनी त्वचेला हजारो टोचे मारायचे, दीड दोन मिलिमीटर खोल, म्हणजे शरीर जखम समजून कोलॅजन बनवायला लागतं. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा. वरचा थर बऱ्यापैकी शाबूत राहतो म्हणून सावळ्या त्वचेत काळं पडायचा धोका लेझरपेक्षा कमी, यामुळे आपल्याकडे हे मला फार समजूतदार सुरुवात वाटते. सुयांच्या टोकातून उष्णता सोडणारी मशीनही आहेत, त्याला मायक्रोनीडलिंग आरएफ म्हणतात. घरी फिरवायचे रोलर मात्र नकोत, त्यांच्या सुया तेवढ्या खोल जात नाहीत, आणि मुरूम असताना फिरवला तर जंतू सगळ्या चेहऱ्यावर पसरवता.

फ्रॅक्शनल सीओटू लेझर हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पूर्वीची लेझर सगळा वरचा थर उडवायची, महिनाभर तोंड दाखवता यायचं नाही. २००४ च्या सुमारास कल्पना आली की सगळं नको, बारीक बारीक उभी छिद्रं पाडू आणि मधली त्वचा शाबूत ठेवू म्हणजे ती पटकन भरून काढेल. डब्यासारख्या उथळ खड्ड्यांना छान चालतं. पाच सात दिवस खपल्या असतात. धोका एकच मोठा, आपल्या त्वचेत नंतर काळं पडणं, म्हणून मशीनपेक्षा मशीन चालवणारा हात महत्त्वाचा, जोर कमी ठेवून, अंतर देऊन करणारा. ओठांवर वारंवार ताप फुटत असेल तर लेझरआधी सांगा, ते उसळू नये म्हणून आधीच गोळी देतात.

पीआरपी म्हणजे आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटवाला भाग परत लावायचा. दुसऱ्या उपचारासोबत घेतलं तर काही अभ्यासांत थोडा फायदा दिसतो, काहींत नाही. पैसे मोजकेच असतील तर हे मी यादीत शेवटी ठेवेन. फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून घालायचं भरण, याने खड्डा लगेच भरतो पण बहुतेक फिलर काही महिन्यांत विरघळतात. केमिकल पील रंगासाठी चांगलं, खोल खड्ड्यांसाठी नाही, आणि "खड्ड्यांसाठी पीलचं पॅकेज" कुणी विकत असेल तर उठून या.

एकाच चेहऱ्यावर बऱ्याचदा तिन्ही आकार असतात, त्यामुळे चांगला डॉक्टर एकच गोष्ट सगळीकडे करत नाही, इथे क्रॉस, तिथे सबसिजन, मग सगळ्यावर नीडलिंग, असं करतो. आणि कोलॅजन बनायला वेळ लागतो, शेवटच्या सेशननंतरही तीन ते सहा महिने सुधारणा चालू असते. खड्डे पूर्ण सपाट होत नाहीत. उथळ होतात, कडा मऊ होतात, सावली कमी पडते, आणि समोर बसलेल्या माणसाला ते दिसेनासे होतात.

उंचवटे असतील तर वेगळं

जबड्याची कड, खांदे, छाती, पाठ इथे खड्ड्याऐवजी टणक फुगीर व्रण येतात. मूळ जागेपुरता राहिला तर हायपरट्रॉफिक, बाजूला पसरत गेला, खाजायला लागला तर केलॉइड. यांना सुई लेझर वरचं काहीच आपल्या मनाने करायचं नाही, छेडलं की अजून वाढतात. डॉक्टर आत ट्रायमसिनोलोनचं इंजेक्शन देतात, चार आठ आठवड्यांनी परत, आणि वरून सिलिकॉनची पट्टी. कान टोचल्यावर किंवा लसीच्या जागी ज्यांना गाठ आली होती त्यांनी कुठल्याही उपचाराआधी हे सांगायलाच हवं.

कुणाकडे जायचं आणि कधी

पाटीवर स्किन क्लिनिक लिहिलेलं असलं म्हणजे आत त्वचेचा डॉक्टर असतोच असं नाही. एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा केलाय का बघा, नोंदणी क्रमांक विचारा, विचारण्यात काही उद्धटपणा नाही. खर्च परवडत नसेल तर सरकारी आणि महापालिकेच्या मेडिकल कॉलेजांत त्वचारोग विभाग असतो, मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून. केसपेपर काढायचा, रांगेत वेळ जातो, पण निदान नीट होतं, आणि निदान नीट झालं की अर्धे पैसे तिथेच वाचतात. विम्यात हे सहसा बसत नाही, ते आधीच धरून चाला.

विचारायचं काय, तर माझ्या चेहऱ्यावर कुठल्या प्रकारचे व्रण आहेत, कुठल्या जागी काय करणार, माझ्या रंगाला काळं पडायचा धोका किती आणि पडलं तर तुम्ही काय करता, किती सेशन आणि कधी थांबायचं. आयसोट्रेटिनॉइन घेत असाल किंवा नुकतंच बंद केलं असेल तर सांगा. पूर्वी सहा महिने काहीच करू नका म्हणायचे, आता काही गोष्टी आधी चालतात, पण कुठल्या ते त्यांनी ठरवायचं.

लग्नाच्या मुली फार येतात, दोन महिने राहिलेत काय करू विचारत. दोन महिन्यांत मुरूम आटोक्यात येतात, रंग थोडा उतरतो, एवढंच करा, सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेलं एक औषध. नवीन लेझर तेव्हा काढू नका, हळदीच्या दिवशी खपल्या नकोत. खड्ड्यांचं काम करायचं तर निदान आठ दहा महिने हातात ठेवा, आणि लग्नानंतर केलं तरी काही बिघडत नाही.

फोटो काढायला मात्र आजच सुरुवात करा. रोज आरशात बघून फरक कळत नाही, उलट वाटतं काहीच होत नाहीये. भाची दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभी राहते, ताई तिचा डावा, उजवा आणि समोरून असे तीन फोटो काढते, फ्लॅश नाही, फिल्टर नाही. दोनदा सबसिजन आणि तीनदा नीडलिंग झालंय. उजव्या गालावरची लाट बरीचशी बसलीय, डाव्या कानशिलाजवळचे दोन दाभणाचे खड्डे अजून तसेच आहेत, त्यांच्यासाठी गणपती झाल्यावर क्रॉसची तारीख घेतलीय. सात बाटल्यांपैकी दोन चालू आहेत.